अंगणातली काळी आणि लिंबाजी मिस्त्री

लिंबाजी मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने अंगण पाहिलंच नाही, अंगणातली माती पाहिली. फाटकातून आत आला, चपला बाजूला काढून ठेवल्या, उकिडवा बसला आणि एक ढेकूळ उचलून दोन्ही हातांनी फोडलं. आतला तुकडा अंगठ्याने चोळून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाई, फरशी बसवायची म्हंजी ही काळी काढावी लागंल. काढलेली माती कुठं टाकणार तुमी?"

फरशी किती लागेल, कुठून आणायची, काम किती दिवस चालेल, याबद्दल एक अक्षर नाही. माती कुठं टाकणार, हा पहिला प्रश्न. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

हा अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा. परभणीच्या कडेला एक शेत मोडून प्लॉट पाडले होते, त्यातल्या एकावर आम्ही घर बांधलं होतं. घर झालं, अंगण मात्र शेतच राहिलं. उन्हाळ्यात मनगट आत जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात तीच माती अशी चिकट की चार पावलांत चप्पल जड होऊन पायातून निसटावी.

आमची तारांबळ आम्ही सोसली असती. पण गिरिजाचं तसं नव्हतं. गिरिजा माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला, डावा पाय गेला. त्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली जाड तळाचा बूट. आदल्या पावसाळ्यात तो बूट चिखलात रुतला आणि ती तोंडावर पडली. मग पावसाळाभर तिचे वडील तिला रोज पायरीवरून उचलून फाटकाबाहेरच्या रिक्षात नेऊन बसवायचे. रिक्षातल्या पोरी म्हणायच्या, "बाळ आलं, बाळ आलं!" एके दिवशी घरी येऊन तिने दप्तर खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या पावसाळ्यात मला कुणी उचललं तर मी शाळेत जाणार नाही."

ती वडिलांवर गेली आहे. बोलली की बोलली. म्हणून जूनच्या आत अंगण असं व्हायला हवं होतं की तिला पायरीपासून फाटकापर्यंत स्वतःच्या पायाने जाता यावं.

उपाय दोन होते. एक शाहाबादी फरशी. दुसरा ईश्वरअप्पांनी सुचवला. ईश्वरअप्पा म्हणजे यांचे मावसभाऊ, सेलूला त्यांचं लाकडाचं दुकान. ते खास बसने आले, बगलेत कागदात गुंडाळलेला फळीचा तुकडा.

"शरणार्थ वहिनी. हे बघा. लाकडाचा भुसा न् डिंक एकत्र दाबून केलेली फळी. वाळवी लागत न्हाई, पिळवटत न्हाई. खाली रेल्वेचे जुने स्लीपर टाकू, वर ह्या फळ्या ठोकू. पायरीपासून फाटकापर्यंत सरळ मंच. मातीला हातच लावायचा न्हाई. खाली चिखल होऊ द्या न्हाईतर तळं होऊ द्या, पोरगी वरून चालत जाईल."

"पाण्याचं काय?"

"पाण्याला घाबरायचं कामच न्हाई."

हे खूश झाले. हायस्कूलात विज्ञान शिकवतात, नवीन वस्तू दिसली की यांचे डोळे चमकतात. मला मात्र ईश्वरअप्पांचा उत्साह खटकला. दुकानात खपत नसलेला माल नातेवाइकांच्या गळ्यात पडतो, हे मी माझ्या माहेरी पाहिलेलं आहे. मंचाखाली साप-विंचू किती मुक्कामाला येतील हाही विचार मनात आला. ते जेवायला बसले तेव्हा तो तुकडा न्हाणीतल्या बादलीत टाकला आणि वर पाटा ठेवला.

जाताना ईश्वरअप्पांनी तुकडा शोधला. बादलीत पाहून हसत सुटले. "विरूपाक्षा, अरे वहिनींनी फळीला पोहायला सोडलंय!" यांचा चेहरा पडला. ईश्वरअप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "ठेवा, ठेवा. माझी फळी हाय, भीती कसली?"

तिसऱ्या दिवशी पाटा बाजूला केला तर फळीच्या कडा पोळीसारख्या फुगलेल्या. बोट लावलं की भुसा सुटत होता. यांनी सेलूला पत्र टाकलं. उत्तर आलं, तो नमुना होता, खऱ्या मालाच्या कडांना रंग असतो. मी पत्र दोनदा वाचलं. असेलही. पण माझा विश्वास उडाला होता.

गिरिजाचं कारण निराळंच होतं. ती म्हणाली, "फळ्यांवर माझ्या बुटाचा ठक-ठक आवाज होईल. मला आवाज नको." मग फरशी ठरली आणि कुणीतरी पिंगळीच्या लिंबाजीचं नाव सांगितलं.

लिंबाजी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. उंच, वाकलेला, हातांची बोटं फरशीच्या कडांनी सोलून जाड झालेली. बोलणं कमी. बरोबर बायको तानुबाई, ती रेती चाळायची, पाणी द्यायची आणि त्याच्या वाटचं बोलायचीही. तो फरशी विकत घेण्याआधी प्रत्येकीला हातोडीच्या दांड्याने टकटक करून कान देऊन ऐके. आवाज बसका आला तर ती बाजूला. "आतून तडा हाय," एवढंच म्हणे. दुकानदार वैतागे. मीही वैतागले, कारण एवढं नाटक करणारा माणूस काहीतरी लपवतो असं मला वाटे. ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव दोन तट पडलेले, समोरचा कुठल्या बाजूचा हे कळेपर्यंत माणसं हवापाण्याचंच बोलायची. कुणाच्याही शब्दामागे दुसरा शब्द शोधायची सवय लागली होती.

त्याचं म्हणणं असं, की अंगणभर दोन फूट खोल काळी काढायची. मग मुरूम भरायचा, तीन थरांत. प्रत्येक थरावर पाणी सोडून धुम्मसने ठोकायचा, मग पंधरा-वीस दिवस तसाच बसू द्यायचा. त्यानंतर फरशी.

"म्हणजे जून उजाडेल," मी म्हटलं.

"उजाडंल."

"आणि ही सगळी माती?"

"पंचवीसेक गाड्या निघंल. मी नेतो की. तुमाला तरास न्हाई."

पंचवीस गाड्या काळी माती. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी पिंगळीहून दूध घालायला येणाऱ्या मनकर्णाबाईला मी विचारलं, लिंबाजीची शेती कशी आहे?

"कसली शेती, बाई! दोन एकर बरड हाय. नुसते गोटे. लय वर्सं झाली, कुठून कुठून माती आणून वतायलाय त्याच्यावर. गाव हसतंय त्याला."

झालं. मला पुरावा मिळाला. जो माणूस स्वतःच्या खडकाळ रानासाठी काळी माती गोळा करतो, तोच लोकांना सांगतो की तुमची काळी माती काढल्याशिवाय भागणार नाही. याहून सरळ काय हवं?

तरी मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. लिंबाजी आला तेव्हा म्हटलं, "माती बाहेर जाणार नाही. मी मागे भाजीचे वाफे करणार आहे."

तानुबाईने चाळणी थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

"मग किती खणायचं?"

"दोन फूटच."

याने माझं समाधान व्हायला हवं होतं. पण संशयाला एकदा जागा दिली की तो प्रत्येक उत्तराला पुरून उरतो. मला वाटलं, आमच्या मागच्या तेवढ्याशा जागेत पंचवीस गाड्या माती मावणार नाही, हे याला ठाऊक आहे. दोन दिवसांनी मीच म्हणणार, घेऊन जा बाबा. तो वाट बघतोय. शिवाय जून जवळ येत होता. मी सांगून टाकलं, "एक वीत खणायचं. त्यावर मुरूम आणि लगेच फरशी."

लिंबाजी उठून उभा राहिला. "बाई, ही काळी पाणी पिऊन फुगती. वीतभर खांदून तिच्यावर फरशी ठिवणं म्हंजी गाभण म्हशीच्या पाठीवर पाट ठिवल्यागत हाय."

"आमच्या शेजाऱ्यांनी तर नुसती माती सारखी करून बसवली आहे."

"त्यांची ह्या दिवाळीनंतर बसवलेली हाय. अजून पाऊस कुठं बघितलाय तिनं?"

"अंगण आमचं आहे ना?"

"तुमचंच हाय," तो म्हणाला. "तुमचा हुकूम. पन मी बसवली म्हणून कुनाला सांगू नका."

तानुबाई मोठ्याने पुटपुटली, "शिकलेल्या बायकांसमोर बोलून काय फायदा न्हाई."

काम सुरू झालं आणि मी दिवसभर दारात. त्याने फरशीची गुळगुळीत बाजू खाली आणि खडबडीत वर ठेवली, मी हटकलं. "पोरीच्या बुटाला पकड पायजे," म्हणाला. फटींत सिमेंटऐवजी बारीक रेती भरली, मी पुन्हा हटकलं. "अशीच बरी," एवढंच उत्तर. एका दुपारी त्याने गिरिजाचा बूट मागितला. मी स्पष्ट नाही म्हटलं. परक्या माणसाला माझ्या मुलीच्या बुटाशी काय करायचंय? पण ती आतून सगळं ऐकत होती. भिंत धरत-धरत आली आणि त्याच्यासमोरच्या फरशीवर उभी राहिली.

"काढायचा नाही. असाच बघा."

त्याने कोळशाने तिच्या टाचेभोवती रेघ ओढली, आपल्या बोटांनी रुंदी मोजली आणि तिला म्हणाला, "जा आता." पुढच्या सगळ्या फटी त्याने त्या टाचेपेक्षा अरुंद ठेवल्या. हे मी पाहिलं, पण मनात त्याची नोंद निराळी केली, की माणूस गोड बोलून घरात जागा करतोय.

जून उजाडला, शाळा उघडली. गिरिजा एक-एक पाऊल टाकत स्वतः फाटकापर्यंत गेली, कडी काढली आणि रिक्षात बसली. रिक्षातल्या पोरी काहीही बोलल्या नाहीत. तीन आठवडे असे गेले. "बघा, वीतभरच पुरलं की नाही," मी यांना म्हटलं. हे "हं" म्हणाले.

मग झड लागली. आठ दिवस आभाळ उघडलं नाही. पाचव्या दिवशी मधली ओळ फुगीर दिसायला लागली. सातव्या दिवशी फरशीवर पाय ठेवला की फटीतून चिखलाची पिचकारी उडू लागली. आठव्या दिवशी सकाळी एका फरशीची कड दोन बोटं वर आली होती. तिला गिरिजाचा बूट अडला. मी दारातून पाहत होते, हात पुढे केला, पण मी कुठे आणि ती कुठे. हनुवटी फुटली. तीन टाके पडले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दप्तर भरलंच नाही. उचलून न्यायचं नाही आणि चालायचंही नाही. यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

तीन दिवस ती खिडकीशी बसून राहिली. चौथ्या दिवशी मी पिंगळीला गेले. आगगाडीने परभणीच्या पुढचंच स्टेशन. वाटभर मनात एकच घोळत होतं, की त्याने मुद्दाम केलं. आपला शब्द खरा करायला फटी कच्च्या ठेवल्या. सिमेंट भरलं असतं तर फरशा एकमेकींना धरून राहिल्या असत्या.

लिंबाजी रानात होता. मनकर्णाबाईने दाखवलेल्या बांधावर मी उभी राहिले आणि काय बोलायचं ते विसरले. रान एका रंगाचं नव्हतं. खालच्या अंगाला गर्द काळं, मधे तपकिरी, पुढे राखाडी, आणि वरच्या टोकाला उघडे गोटे. काळ्या पट्ट्यात कापूस गुडघ्याला लागला होता, गोट्यांत गवतही नव्हतं.

"कुठं-कुठं फुगली?" त्याने मला बघताच विचारलं.

मी मनातलं सगळं बोलून टाकलं. गिरिजाची हनुवटी, टाके, रेती, माती. शेवटी म्हटलं, "लोकांच्या अंगणातली माती मिळावी म्हणूनच खणायला सांगतोस ना तू?"

त्याने नाकारलं नाही. खुरपं खाली ठेवलं. "माती पायजे म्हणून तर हे काम शिकलो, बाई. माझा बाप ह्या गोट्यांवर मेला. एका ठेकेदाराकडं मजुरीला गेलो, तवा बघितलं, शहरात लोक सोन्यासारखी काळी खांदून नाल्यात टाकायलेत. तवा ठरवलं, फरशीचंच काम करायचं." मग त्याने हाताने दाखवलं. "ती स्टेशनाजवळच्या डाक्टरच्या अंगणातली. ती वकिलाची. ही मधली वाण्याची, जरा चुनखडीची हाय, तूर बरी येती."

"मग तुझ्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठिवू. डाक्टरच्या अंगणात जाऊन बघा, वकिलाच्या जा. एक बी फरशी हलली का बघा. मला माती पायजे हे बी खरं हाय न् काळीवर फरशी टिकत न्हाई हे बी खरं हाय. त्याला मी काय करू?" खुरपं परत उचलत म्हणाला, "रेतीचं म्हणता. फुगणार हे मला ठाऊक होतं. सिमेंट भरलं असतं तर फुगताना सगळ्या फुटल्या असत्या. एक तरी फुटली का?"

एकही फुटली नव्हती. परतताना मी खरंच स्टेशनाजवळच्या त्या डॉक्टरांकडे गेले. पाय दुखतो असं सांगितलं आणि अंगणातून चार फेऱ्या मारल्या. फरशी खडकासारखी होती.

पावसात खोल खणता येत नाही, म्हणून लिंबाजी दर रविवारी येऊ लागला. फुगलेली फरशी काढायची, खालची फुगलेली माती खरवडायची, परत बसवायची. खरवडलेली माती तो पोत्यात भरून न्यायचा. मी आता काही म्हणत नसे, पण बघत असे. पहिल्या रविवारी त्याने खिडकीकडे पाहून हाक दिली, "पोरी, मला वरून कळत न्हाई. माझा पाय जड, सगळ्याच दबतात. तू चाल न् कोणती हलती ते सांग."

मी म्हणणार होते, तिला नको बोलावू. तेवढ्यात ती पायरीवर आली होती. पहिली फरशी. दुसरी. तिसरीवर थांबली. "ही." लिंबाजीने खूण केली. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा सात खुणा झाल्या होत्या. "ती कोपऱ्यातली तुमी सोडली होती," तिने त्याला सुनावलं. सोमवारी तिने दप्तर भरलं. कारण विचारायचं धाडस मला झालं नाही.

दिवाळीनंतर अंगण दोन फूट खणलं. खोली मी स्वतः काठीने मोजली, चारही कोपऱ्यांत. लिंबाजीने काठी धरून मदत केली. बावीस गाड्या माती पिंगळीला गेली. माझे भाजीचे वाफे काही झाले नाहीत.

याला आता सहा वर्षं होत आली. यंदा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच सुमारास कळलं की लिंबाजीने फरशीचं काम सोडलं. आमच्या गल्लीतल्या तात्यारावांनी बोलावलं तर त्याने निरोप पाठवला, रान भरलं, आता येणार नाही. तात्याराव म्हणाले, "बघा, मातीसाठीच येत होता तो." मी त्याची बाजू घेतली. पण घरी आल्यावर तेच वाक्य मला छळत राहिलं. मग मी एक गोष्ट केली, जी मी यांनाही सांगितलेली नाही. मनकर्णाबाईबरोबर पिंगळीला निरोप धाडला, की आमची एक फरशी हलते आहे.

दोन दिवसांनी तो आला. आणखी वाकलेला, हातात हातोडी. पायरीपासून फाटकापर्यंत एकेक फरशी ठोकत गेला, ठोकत परत आला. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "कोणती, बाई?"

मला एकीकडेही बोट दाखवता येईना.

"बघायल्या व्हत्या व्हय, येतो का न्हाई ते?" तो हसायला लागला, आणि खोकला येईपर्यंत हसला. "माझी तानी मला म्हणालीच व्हती. हलत-बिलत काई नसंल, ती बाई तुमाला तपासायली."

मी म्हटलं, "चहा ठेवते."

तेवढ्यात गिरिजा बाहेर आली. आता पंधरा वर्षांची, दहावीच्या शिकवणीला निघालेली, खांद्याला पिशवी, उशीर झालेला. मी अंगणाच्या अगदी मधोमध उभी होते, एका फरशीवर टाच दाबून, निदान एखादी तरी हलते का ते बघत.

"आई, बाजूला हो ना. मला जायचंय."

मी बाजूला झाले.